बारीक आवाज

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी एकच प्रश्न केला.

"सामानात मिक्सर हाय का?"

"आहे."

"उद्या घेऊन ये. मंग बगू."

मला वाटलं, विजेच्या बिलाची काहीतरी भानगड असणार. दुसऱ्या दिवशी पिशवीत मिक्सर घालून गेले. त्यांनी तो जिन्यातल्या बोर्डाला लावला, रिकामाच फिरवला, डोळे मिटून ऐकला आणि बंद केला. "खालचा बुश गेलाय याचा. तू चटनी वाटशील आन सगला मजला जागा व्हईल. ठेव हितं, संद्याकाली ने."

संध्याकाळी मिक्सर गप झाला होता आणि खोली मला मिळाली होती.

ती इमारत रबाळे स्टेशनाच्या पलीकडच्या जुन्या गावठाणात होती. त्यांच्या घराण्याची एकेकाळी खाडीपर्यंत भातशेती होती. ते शाळेत असतानाच ती शहरासाठी गेली, आणि जिथे राहतं घर होतं तिथे पुढे ही चार मजली भाड्याची इमारत उभी राहिली. शेतीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. त्यातल्याच एकीत, औषधं तपासायच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते. "तू जिथं बसतेस ना बाय, तिथं आमचं भात झोरायचं खलं व्हतं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. सांगण्यात तक्रार नव्हती. कुणाला पत्ता समजावून द्यावा तसं सांगितलं.

आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काका म्हणायचो. उंच, काळेसावळे, मिशा राखलेले. गाडीखाली शिरायचं असेल तेव्हा ते मुद्दाम पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट घालायचे. लोक हसायचे. काकींना तर त्या शर्टांचा उबग आला होता. पण त्यांचं म्हणणं असं की काळ्या कपड्यावर ऑइल कुठे ठिबकलं ते कळत नाही. पांढऱ्या शर्टावर पहिला थेंब पडला की गळती कुठे आहे ते लगेच सापडतं. "यो शर्ट नाय, यो कागद हाय माजा," असं ते म्हणायचे.

त्यांचा सगळा भरवसा कानावर. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. पाण्याचा पंप, शेजारच्या सोसायटीची लिफ्ट, दळणाची गिरणी, जे जे फिरतं ते त्यांनी असं ऐकलेलं होतं. "मानूस कन्हतो तवा कदी कदी उगीच पन कन्हतो," ते म्हणायचे. "यंत्र उगीच कन्हत नाय." अंगणात हॉर्न वाजवायला बंदी होती. कुणी वाजवलाच तर काका खुर्चीतून उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, एक शब्द न बोलता. हॉर्न वाजवणारा परत कधी वाजवायचा नाही.

तरुणपणी त्यांना गॅरेजमध्ये काम शिकायचं होतं. चार दिवस शीळफाट्याकडच्या एका गॅरेजात गेलेही. वडिलांना कळलं तेव्हा ते स्वतः तिथे गेले आणि हाताला धरून त्यांना घरी घेऊन आले. जमीनवाल्याचा पोरगा लोकांच्या गाड्या पुसणार नाही, एवढंच वडील बोलले. गंमत अशी की तोवर जमीन गेलेली होती. मग काका आयुष्यभर गॅरेजच्या बाहेर उभं राहून शिकले. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून जी गॅरेजं आहेत, तिथे एखादी गाडी अडली की मालक पोराला पिटाळायचे, काकांना बोलाव म्हणून. काका जायचे, ऐकायचे, "तिसरा सिलिंडर," किंवा "खालची बेअरिंग," एवढंच सांगायचे, चहा घ्यायचे आणि परत यायचे. त्या दिवशी त्यांची चाल वेगळी असायची.

त्यांच्या या वेडापायी काकींच्या माहेरी घडलेला प्रसंग काकी दरवेळी नव्याने सांगायच्या. भाच्याची हळद होती. आगरी हळद म्हणजे सगळा गाव नाचायला. मंडपात डीजे चालू, पंगती चालू, आणि काका गायब. ते मंडपाच्या मागे जनरेटरपाशी उकिडवे बसले होते, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून. "बंद कर," ते जनरेटरवाल्याला म्हणाले. त्याला वाटलं, हे घरातले कुणीतरी मोठे आहेत. त्याने केला बंद. दिवे गेले, गाणं गेलं, नाचणारी माणसं हात वर तशीच अंधारात उभी राहिली. दोन गाणी होतील एवढा वेळ काका तिथे काहीतरी आवळत होते. उजेड आला तेव्हा शर्टाला काळे पट्टे घेऊन मंडपात आले आणि मेव्हण्याला म्हणाले, "आता नाय बंद परनार." मेव्हणा पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. "माज्या माहेरची हलद यांनी अंदारात लावली," असं म्हणून काकी हसता हसता डोळे पुसायच्या.

काकांची स्वतःची गाडी पांढरी, पेट्रोलची, जुनी. कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलेलं. गाडीला ते गारी म्हणायचे आणि तिच्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. तो त्यांनी मला जिन्यात थांबवून ऐकवला होता, माझ्या हातात दूध असताना.

"इंजिन राबतं कोनासाठी? चाकांसाठी. आन मदी खातात कोन? यो एसी, यो बॅटरी भरनारा आल्टरनेटर, यो पान्याचा पंप. सगली बांडगुलं."

"पण काका, एसी नको का?"

"नको कोन बोलतं? पन बांडगुलानं बांडगुलासारखं र्‍हावं. जरा कमी खावं."

त्यावरचा उपाय त्यांनी परदेशातून मागवला. अंडरड्राइव्ह पुली. नाव मोठं, वस्तू साधी. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला एक चाक असतं, त्याला क्रँक पुली म्हणतात. त्यावरून पट्टा फिरतो आणि तो पट्टा ही सगळी बांडगुळं फिरवतो. "सायकलचं पुडचं चक्र लहान केलं तर मागचं चाक हलू फिरतं का नाय?" काकांनी मला समजावलं. तसंच हे. पुढचं चाक लहान, म्हणजे बांडगुळं हळू फिरणार, कमी खाणार, आणि वाचलेली ताकद चाकांना मिळणार.

पार्सल आलं त्या दिवशी त्यांनी ते देवासमोर ठेवलं नाही एवढंच. निळसर ॲल्युमिनियमचं, चकचकीत, तळहातावर मावणारं चाक. प्रत्येक मजल्यावर जाऊन दाखवून आले.

"यांची गारी धावनार कुटं?" काकी मला म्हणाल्या. "घनसोलीला भाजी आनायला."

रविवारी सकाळी अंगणात पुली बसवायचा कार्यक्रम झाला. मदतीला तळमजल्यावरचे दादा होते. ते मूळचे बीडकडचे, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. बायको आणि तान्हं बाळ असा त्यांचा संसार. काकांनी गाडीचा पुढचा उजवा कोपरा उचलून खाली लोखंडी घोडी लावली, चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं. तिथून ती जुनी पुली दिसत होती, काळी, मातीने माखलेली. मला त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

"पाचवा गियर, पाय ब्रेकवर. इंजिन फिरता कामा नये. आन भ्यायचं नाय."

"भ्यायचं काय त्यात?"

"कलंल."

पुलीचा बोल्ट गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हलवलेला नव्हता. काकांनी पान्याला जोर लावला. दादांनी लावला. मग दोघांनी मिळून लावला. गाडी हलायची, बोल्ट नाही. शेवटी दादा मंडपाचा एक जुना लोखंडी पाइप घेऊन आले. तो पान्याच्या दांड्यावर चढवला, आणि त्या लांब दांड्यावर दोघे जवळजवळ लोंबकळले. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मी किंचाळले. काकी पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. काका जमिनीवर बसलेले होते, शर्टाला धूळ, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मूल झाल्याची बातमी कुणीतरी नुकतीच दिली असावी.

"सुटला," ते म्हणाले.

जुनी पुली त्यांनी माझ्या एका हातात दिली आणि नवी दुसऱ्या. "तोल बग." जुनी खरोखरच दगडासारखी जड होती. नवी दांड्यावर सरळ बसली. तिच्या मापाचा, आधीच्यापेक्षा आखूड पट्टा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. तो चढवला. मग ताण द्यायचं काम. हे करता करता काका शिकवल्यासारखे बोलत होते.

"पट्टा जास्त तानला तर बेअरिंग खातो. कमी तानला तर घसरतो आन किंचालतो. मंग करायचं काय? थोरा तानायचा, चालू करायचा, ऐकायचं. किंचालायचा बंद झाला की थांबायचं. सोपं हाय."

थोडा ताण दिला. मला म्हणाले, "गियर काढ आन मार चावी." मी मारली. इंजिन सुरू झालं आणि त्याच्या घरघरीवर एक बारीक, तीक्ष्ण आवाज तरंगायला लागला. स्टीलच्या ताटावर कुणी चमचा ओढावा तसा. काका बॉनेटवर वाकले, मान तिरकी केली, डोळे मिटले. आम्ही वाट बघत होतो.

"गप हाय," ते म्हणाले. "पयल्या झटक्यात बसली. बंद कर."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी दादांकडे. पण काका गप आहे म्हणाले म्हणजे नव्या पुलीचा तो साहजिक आवाज असणार, असं मी धरलं. दादांनीही तेच धरलं असावं. इतक्या वर्षांत कुठल्या यंत्राच्या बाबतीत आमचं खरं आणि काकांचं चूक असं कधी झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका आम्हा दोघींना, म्हणजे काकींना आणि मला, पामबीच रोडला घेऊन गेले. रस्ता मोकळा होता. एका बाजूला खाडी, तिवरं, आणि नुकतं उजाडत होतं. गाडी तापल्यावर तो बारीक आवाजही नाहीसा झाला होता. काकांनी गाडी पळवली.

"कललं? कशी मोकली झाली?"

"थोडी हलकी वाटतेय," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला काही कळलं नव्हतं.

"मना कायच कलत नाय," काकी मागून म्हणाल्या. "पन तुमचं तोंड मातर हलकं झालंय."

काका मोठ्याने हसले. मी त्यांना असं हसताना क्वचितच बघितलं होतं.

त्यानंतर मात्र रोज सकाळ उजाडायची ती त्या आवाजाने. काका गाडी सुरू करायचे, थंड इंजिनावर पट्टा घसरायचा आणि सगळ्या इमारतीच्या दातांवर शहारा यावा अशी किंकाळी उठायची. दादांचं बाळ दचकून जागं व्हायचं. जिन्याखाली झोपणारं कुत्रं उठून रस्त्यावर पळायचं. काका बॉनेटपाशी उभे राहून समाधानाने इंजिन बघत असायचे.

एकदा जिन्यात दादांनी मला गाठलं. आवाज खाली करून म्हणाले, "ताई, काकांना खरंच येत नाही का वो ऐकू?"

उशीर होतोय म्हणून मी निघाले. पण दिवसभर लॅबमध्ये बसून एकेक गोष्ट आठवत राहिले. माझ्या खोलीतला पंखा कधीपासून कुरकुरत होता आणि काका दोनदा त्याच्याखाली बसून चहा पिऊन गेले होते. बेल वाजली तरी ते हल्ली उठत नसत. गॅरेजवाल्यांची बोलावणी कमी झाली होती. त्याचं कारण मी मनाशी ठरवून टाकलेलं होतं, की आता गाडीला संगणक जोडला की दोष पडद्यावर दिसतो. पंपाचा, जनरेटरचा, जड घरघरीचा आवाज त्यांना अजून चांगला कळत होता. बारीक आवाज तेवढे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. आणि ते कमी झालेत हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. जे ऐकूच येत नाही ते गेलंय हे माणसाला कसं कळणार?

संध्याकाळी मी काकींकडे गेले. त्या तांदळाची भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुला पन कललं ना?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्सं झाली." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी तिच्यावर पाणी फिरवलं. "कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून मी दुकानात गेलती. आले तर भात करपून कोलसा. हे तितंच, कुकरच्या बाजूला, पेपर वाचत. मना बोलतात, शिटी झालीच नाय, तुजा कुकर बिगारलाय. नवा कुकर आनला घरात."

"मग?"

"मंग काय. शिट्ट्या मी मोजते. बेल मी ऐकते. फोन मी घेते. आन बोलते ती ओरडून. शेजारचे बोलतात, बाई लय कजाग हाय. बोलू दे. गॅरेजमदी एकदा यांनी भलतंच सांगितलं. त्या मानसानं सगला गियरबॉक्स खोलला, आन फाल्ट निगाला दुसरीकरं. तो मालक चांगला, यांना कायच बोलला नाय. मना येऊन सांगून गेला."

"काकी, तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

त्यांनी भाकरी उलटली. ती फुगली तशी तव्यावरून उतरवली.

"शालेत व्हते तवा शेती गेली. गॅरेज शिकायचं व्हतं, सासऱ्यांनी शिकू दिलं नाय. जे काय उरलं ते यो कान. यो कान म्हंजेच त्यांची शेती, बाय. ती पन गेली असं मी कंच्या तोंडानं सांगू?"

मी भाकरी घेऊन वर आले. ती तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कामावर निघाले तेव्हा काका गाडी सुरू करून अंगणात उभे होते. पट्टा किंचाळत होता. पण ते इंजिनाकडे बघत नव्हते. जिन्याखालून कुत्रं उठून पळालं, त्याच्याकडे त्यांनी बघितलं. तळमजल्याची खिडकी आतून लावली गेली, तिच्याकडे बघितलं. खिडकीच्या काचेतून दादांची बायको बाळाच्या कानांवर हात ठेवून उभी असलेली दिसत होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग मला हाक मारली.

"बाय, खरं सांग. गारी आवाज करते?"

वर गॅलरीत काकी कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मी वर बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. त्यांनी ते माझ्यावरच सोडलं होतं.

"करते, काका."

"कसा?"

"बारीक. किंचाळल्यासारखा."

"कवापासून?"

"पुली बसवली तेव्हापासून."

"सगल्यांना येतो?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी आत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. बाहेर रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, कुठेतरी शाळेची बस उभी होती. काका दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर ठेवून उभे होते. मला वाटलं, आता ते घरात जातील. ते म्हणाले, "बस आत."

मी बसले.

"चालू कर. आवाज आला की हात वर. थांबला की खाली."

मी चावी मारली. आवाज आला. मी खिडकीतून हात बाहेर काढून वर धरला. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरला टेकवलं, मूठ कानामागे धरली, आणि माझ्या हाताकडे बघत ऐकायला लागले. मग टोक दुसरीकडे टेकवलं. मग तिसरीकडे. दरवेळी डोळे मिटायचे, उघडायचे आणि माझा हात वरच आहे असं बघायचे. माझ्या हाताला रग लागली, पण तो खाली घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली फरशीवर ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये अशा बेताने ठेवला.

इंजिन बंद करून त्यांनी पाना घेतला आणि पट्ट्याला थोडा ताण दिला. "चालू कर." हात वरच. बंद. आणखी थोडा ताण. "चालू कर." आवाज आला, लगेच पडला, पुन्हा आला. मी हात अर्धा खाली घेतला. काकांना ते कळलं. अगदी किंचित पाना फिरवला. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं तेव्हा फक्त त्याची घरघर होती. मी हात आत घेतला.

"बंद झाला?"

"झाला."

"नक्की?"

"नक्की, काका."

त्यांनी बोट लावून पट्टा दाबून बघितला. "म्हंजे एवडाच कमी परला व्हता," ते स्वतःशीच म्हणाले. "आन मी बोललो, गप हाय." मग माझ्याकडे वळून, "जा बाय तू. तुला उशीर झाला."

त्यानंतर जिन्यातली खुर्ची रिकामी दिसायला लागली. गाडी अंगणात उभी असायची, तिच्यावर धूळ बसत होती. एकदा गॅरेजचा माणूस बोलवायला आला तर काकींनी, ते गावाला गेलेत, असं सांगून त्याला परत पाठवलं. काका आत पलंगावर बसलेले मला उघड्या दारातून दिसत होते. काकी माझ्याशीही फार बोलेनात. रागावल्या होत्या असं नाही. पण घरात कुणी आजारी असावं तशा वावरत होत्या.

मग एका सकाळी मी खाली उतरले तर काका धुतलेला शर्ट घालून फाटकाशी उभे. "चल, तुज्या वाटेवरच जायचंय मना." आम्ही चालत निघालो. रबाळ्याच्या रस्त्यावरच्या पहिल्याच गॅरेजपाशी ते थांबले. मालक तरुण होता. त्याने फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं, पोराला चहा सांगितला. काका बसले नाहीत.

"आयक," ते उभ्यानेच म्हणाले. "मना बारीक आवाज येत नाय आता. त्या दिवशी तुजा गियरबॉक्स फुकट खोलायला लावला तो त्याच्यामुलं, आमच्या हिनं आता सांगितलं मना. जाड्या आवाजाला बोलव, मी येन. बारीक आवाजाला दुसरा कोनतरी बग."

मालकाने मान खाली घातली. हातातलं फडकं पिळत म्हणाला, "काका, बारीकला आपल्याकडे मशीन आहे. जाड्या आवाजाचं मशीनला पण काय कळत नाय. तुमालाच बोलवनार."

"बरं," काका म्हणाले आणि पुढच्या गॅरेजकडे वळले. तिथेही त्यांनी हेच सांगितलं. तिसरीकडेही. मला लॅबला वळायचं होतं, पण मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. पांढऱ्या शर्टातला तो माणूस एका गॅरेजमधून निघून दुसऱ्यात शिरत होता, जणू लग्नाची आमंत्रणं करतोय.

कान तपासायला वाशीला जायचं ठरलं ते त्यांनी स्वतःच ठरवलं. काकींना एकटीने त्यांना घेऊन जायला धीर होईना म्हणून मीही रजा काढून गेले. काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या मुलीने नंतर आम्हाला सांगितलं की बरीच माणसं अंदाजाने बटण दाबतात, कमीपणा वाटतो म्हणून. हे बाबा मात्र नाही आला तर नाहीच दाबत. आलेख छापून झाला तेव्हा काकांनी तो मागून घेतला आणि इंजिनाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. रेघ बराच वेळ सरळ जात होती आणि मग एकदम खाली घसरत होती.

"हितपर्यंत सगलं चांगलं हाय," बोट ठेवून ते मुलीला म्हणाले. "हितनं फुडं पट्टा घसरलाय."

मुलगी हसली. "बरोबर बोललात."

कानात घालायची यंत्रं मिळाली ती नखाएवढी. ती उघडून आत काय आहे ते दाखवा, असा त्यांनी हट्ट धरला. आवाज कुठून शिरतो, कुठून निघतो, बॅटरी किती चालते, सगळं विचारून झाल्यावरच ती कानात घालू दिली.

संध्याकाळी आम्ही परत आलो. रिक्षातून उतरून काका अंगणात पाऊल टाकतात न टाकतात तोच थांबले. दुसऱ्या मजल्यावर नळ ठिबकत होता. कुणाचा तरी पंखा कुरकुरत होता. कुणाच्या चपला जिन्यात चपचप करत होत्या. दादांचं बाळ खुळखुळा हलवत होतं. काका मान इकडे तिकडे वळवत होते.

"एवरा गोंगाट! तुमी सगली र्‍हाता कशी हितं?"

दादा हसत बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांची बायको. वरचे दोघे-तिघे जिन्यात येऊन उभे राहिले. काकी रिक्षातून उतरून आमच्या आधीच वर गेल्या होत्या. त्या गॅलरीत आल्या आणि नेहमीच्या वरच्या पट्टीत ओरडल्या, "चहा टाकलाय, वर या!"

काकांनी दोन्ही कानांवर हात दाबले. "अगो हलू! मी बहिरा हाय काय?"

सगळा जिना हसला. दादा तर भिंतीला टेकून हसले. काकी मात्र गॅलरीत तशाच उभ्या राहिल्या, तोंड अर्धवट उघडं. दोन वर्षांत त्यांचा आवाज त्या उंचीवर जाऊन बसला होता आणि तो खाली कसा आणायचा हे त्यांनाच आठवेना, असं वाटत होतं. मग त्या जिना उतरून खाली आल्या. आमच्यातून वाट काढत काकांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांना काहीतरी म्हणाल्या.

मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होते. दादा माझ्याहूनही जवळ होते. आमच्यापैकी कुणालाही ते ऐकू आलं नाही.

काकांना आलं. "बरं," ते म्हणाले, आणि काकींच्या मागोमाग जिना चढायला लागले.